सोळा आठवड्यांची विद्या

गेल्या वर्षीं चैत्रांत माझा धाकटा बंधु एक करारपत्र घेऊन माझ्याकडे आला. पत्र इंग्रजींत, एकवीस पृष्ठांचें, बारीक टाइपांत. आणि त्याखालीं सही व्हावयाची होती त्याच्या थोरल्या कन्येची, व सहकर्जदार म्हणून स्वतः त्याची. मुलगी बत्तीस वर्षांची, एम्. ए. संस्कृत, बी. एड्.; विवाहित, पहिलीच्या वर्गांत जाणारा एक मुलगा. नऊ वर्षें ती एका खासगी विनाअनुदानित शाळेंत संस्कृत शिकवीत होती. तिची नेमणूक दर जूनमध्यें नवी होई आणि दर एप्रिलमध्यें संपे. मे महिन्याचा पगार कसा असतो हें तिनें नऊ वर्षांत पाहिलें नव्हतें. अशी ही मुलगी आतां संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा व्यवसाय पत्करूं म्हणत होती, आणि ती विद्या सोळा आठवड्यांत शिकवून नोकरी मिळवून देऊं, असें वचन एका संस्थेनें तिला दिलें होतें. “अण्णा, तूं जन्मभर मास्तरकी केलीस. सोळा आठवड्यांत अशी विद्या येते का, तें तूं सांग, मग मी सही करतों,” असें म्हणून बंधूनें तें पत्र माझ्यापुढें ठेविलें.

खरें सांगावयाचें तर माझा पहिला उद्गार रागाचा होता. ही मुलगी माझ्या ओसरीवर बसून शब्द चालवावयास शिकली; कारकप्रकरण तिला मीं शिकविलें. “नऊ वर्षें संस्कृत शिकवून आतां ही कारकुनी कसली?” असें मी बोलून गेलों. तिचें उत्तर नम्र, पण स्पष्ट होतें. “अण्णाकाका, मला महिन्याला चौदा हजार रुपये मिळतात, तेहि दहाच महिने. तुमच्या पेन्शनच्या निम्मेहि नाहींत. संस्कृत मला सोडायचें नाहीं. पण त्यावर घर चालत नाहीं, एवढेंच तुम्ही मला शिकवलें नव्हतें.” या बोलण्यावर मजजवळ उत्तर नव्हतें, म्हणून मीं तें पत्र आणि त्या अनुषंगानें जें मिळेल तें सर्व वाचावयास घेतलें. प्रस्तुत लेख त्या वाचनाचें फळ आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अशी एखादी कन्या, सून किंवा जांवई आज याच विचारांत असेल, असें समजून तो लिहीत आहें.

‘बूटकॅम्प’ हा शब्द मूळचा अमेरिकन लष्करांतला. नवख्या रंगरुटास कांहीं आठवडे छावणींत ठेवून, पहांटेपासून रात्रीपर्यंत कवाईत करवून त्याचा शिपाई बनविण्याची जी रीत, तिला हें नांव. सन २०१२ मध्यें सॅन फ्रान्सिस्को शहरीं ‘डेव्ह बूटकॅम्प’ नांवाची शाळा निघाली; तिनें हीच रीत आज्ञावली-लेखनास लाविली. त्याच वर्षीं त्याच शहरांत केवळ स्त्रियांसाठीं ‘हॅकब्राइट’ आणि न्यूयॉर्कमध्यें ‘फ्लॅटआयर्न स्कूल’ या संस्था निघाल्या. काळ या उद्योगास अनुकूल होता. २००८ च्या मंदीनें वकिली, पत्रकारिता, अध्यापन अशा पेशांतील सुशिक्षित तरुण बेकार किंवा अर्धबेकार झाले होते. उलट सॉफ्टवेअर कंपन्यांस माणसें पुरत नव्हतीं. विद्यापीठाची चार वर्षांची पदवी म्हणजे गणित, यंत्ररचना, उपपत्ति असा मोठा पसारा. त्यांतील जेवढा भाग नोकरीच्या पहिल्या दिवशीं लागतो तेवढाच घ्यावा, बाकीचा सोडावा, आणि तेवढा मात्र दिवसाचे दहा-दहा तास घोटून घ्यावा, असा या मंडळींचा विचार.

या शाळांत शिकवितात काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम इंटरनेटवरचें पान कसें रचतात, हें. त्यासाठीं एचटीएमएल ही मांडणीची भाषा व सीएसएस ही सजावटीची. त्यानंतर जावास्क्रिप्ट किंवा पायथॉन यांसारखी एक खरी आज्ञाभाषा; तींत चल राशि, अटी, आवर्तनें, याद्या आणि एकदां लिहून वारंवार वापरावयाचीं कार्यसूत्रें. मग माहितीचा सांठा ठेवण्याची व त्यांतून हवी ती नोंद काढण्याची भाषा एसक्यूएल. आणि अनेकांनीं मिळून केलेल्या लिखाणाच्या सर्व आवृत्त्या जपून ठेवणारें ‘गिट’ हें साधन. शेवटचे तीन-चार आठवडे विद्यार्थी दोघां-चौघांच्या गटानें एखादें उपयुक्त काम उभें करितात: किराणा दुकानाची मागणी-वही म्हणा, कीं वाचनालयाची देवघेव म्हणा, आणि तें काम नोकरीच्या वेळीं नमुना म्हणून दाखवितात. एका यंत्रापुढें दोघांनीं बसावें, एकानें लिहावें, दुसऱ्यानें पुढचा विचार करावा व चुका पाहाव्या, आणि कांहीं वेळानें जागा बदलाव्या, अशीहि एक रीत त्यांच्याकडे आहे. ज्यानें जन्मभर वर्ग चालविला त्यास हिचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. शेजाऱ्याला समजावून सांगतां आलें नाहीं कीं आपल्यालाच कळलेलें नाहीं, हें मुलास जितक्या लौकर उमगेल तितकें बरें.

हें शिक्षण वाटतें तितकें गणिताचें नाहीं. शब्दांच्या नेमकेपणाचें अधिक आहे. यंत्र आपला हेतु ओळखीत नाहीं. कंसाची एक बाजू राहिली, स्वल्पविराम चुकला, कीं तें अडतें आणि तांबड्या अक्षरांत तक्रार करितें. माझ्या पुतणीला प्रथम त्या तांबड्या अक्षरांची धास्ती वाटे. महिन्याभरानें ती म्हणाली, “काका, हीं तर बरीं आहेत. कुठल्या ओळीवर चुकलें तें सांगतात तरी. आमचे इन्स्पेक्टर तेवढेंहि सांगत नसत.”

येथें संस्कृतज्ञ वाचकांच्या मनांत आलेला प्रश्न मिटवून टाकतों. ‘संगणकास सर्वांत योग्य भाषा संस्कृत, असें अमेरिकेच्या नासानेंच सांगितलें आहे’ हें वाक्य सत्कार-समारंभांत मीं किती वेळां ऐकलें असेल! मूळ गोष्ट अशी कीं, नासाच्या एम्स केंद्राशीं संबंध असलेल्या रिक ब्रिग्ज या संशोधकानें १९८५ सालीं एक लेख लिहून, आपल्या वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची पद्धति व यंत्राला अर्थ समजावून देण्याची आधुनिक रीत यांतील साम्य दाखविलें. त्यांत विचार आहे. पण त्यावरून कोणी संस्कृतांत आज्ञावल्या लिहीत नाहीं, आणि संस्कृत एम्. ए. झालेल्यास कोणी आयती नोकरीहि देत नाहीं. खरें नातें निराळेंच आहे. १९५९-६० च्या सुमारास जॉन बॅकस व पीटर नाउर यांनीं आज्ञाभाषांचें व्याकरण लिहिण्याची जी सूत्रपद्धति रूढ केली, तिच्या नांवांत पाणिनीचें नांव जोडावें, असें इंगरमन नांवाच्या संगणकतज्ज्ञानें १९६७ मध्यें सुचविलें होतें. सुमारें चार हजार सूत्रांत एक संपूर्ण भाषा बसविणाऱ्याचा तो यथार्थ गौरव होता. मागील सूत्रांतील पद पुढें अनुवृत्तीनें चालू ठेवणें, सामान्य नियम सांगून अपवादानें तो बाधित करणें, एका प्रत्याहारांत वर्णांचा समूह सांठविणें, या युक्त्या ज्याच्या हाडींमांसीं खिळल्या, त्याला यंत्राच्या नियमावलींत परकें वाटत नाहीं, एवढें मात्र मीं डोळ्यांनीं पाहिलें. अटींची साखळी लिहितांना विशेष अट आधीं तपासावी आणि सामान्य मागाहून, नाहीं तर विशेषाला वावच मिळत नाहीं. हें इतर शिकणाऱ्यांना चार वेळां चुकून कळतें. पुतणीला तें पहिल्याच दिवशीं पटलें. उत्सर्ग आणि अपवाद ती बाराव्या वर्षीं शिकली होती.

हा धंदा इंजिनिअरांचाच, आपण मधूनच त्यांत कसें शिरावें, असा संकोच पुष्कळांस वाटतो. इतिहास तसें सांगत नाहीं. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत एनिॲक नांवाचें जें प्रचंड यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत जगापुढें आलें, त्याच्या आज्ञा बसविणाऱ्या सहा तरुण स्त्रिया होत्या. त्यापूर्वीं त्या तोफगोळ्यांच्या मार्गाचीं कोष्टकें हातानें मांडण्याच्या कामावर होत्या. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द त्या काळीं असें गणित करणाऱ्या माणसालाच लावीत. यंत्र कसें चालवावें याचें पुस्तक नव्हतें, कारण तें अद्याप कोणी लिहिलेंच नव्हतें. यंत्राच्या जोडणीच्या आकृत्या पुढें ठेवून त्यांनीं तें आपलें आपण उकललें. म्हणजे या विद्येच्या पहिल्या पिढींतील या स्त्रियाच मुळीं दुसऱ्या कामावरून आलेल्या होत्या.

आपल्याकडेहि बूटकॅम्प हें नांव नवें, वस्तु जुनी आहे. १९८१ मध्यें ‘एन्‌आय्‌आय्‌टी’ व १९८६ मध्यें ‘ॲप्टेक’ निघाली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत या दोहोंच्या शाखांचे फलक ठिकठिकाणच्या गांवांत झळकूं लागले. इसवी सन २००० च्या तारखेचा घोटाळा निस्तरण्यासाठीं जगभर माणसांची ओढ होती, तोंवर त्या वर्गांना बहर होता. नंतर अमेरिकेंतील इंटरनेट-कंपन्यांचा फुगा फुटला आणि अनेक पालकांनीं भरलेली फी व्यर्थ गेली. १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका-अभ्यासक्रम मात्र, ज्याला सर्व जण ‘डॅक’ म्हणतात, आजहि टिकून आहे. प्रवेशपरीक्षा कठीण, दिवसभराचे वर्ग, रात्रीं प्रयोगशाळा. त्यांतून निघालेले अनेक जण चांगल्या जागीं आहेत. परंतु तो मुख्यतः अभियांत्रिकीच्या व तत्सम पदवीधरांसाठीं. संस्कृतच्या एम्. ए. ला तेथें दार नाहीं. म्हणून अशा माणसांचा लोंढा खासगी वर्गांकडे वळतो, आणि खासगी वर्गांचें सर्वांत मोठें भांडवल म्हणजे एक टक्केवारी: ‘आमच्या शेंकडा नव्वद विद्यार्थ्यांस नोकरी.’

या टक्केवारीपाशीं थोडें थांबावें अशी माझी विनंति आहे. माझ्या बंधूची जन्माची शिल्लक याच आंकड्यावर जाणार होती. शेंकडा नव्वद, पण कोणत्या शंभरांचे? समजा, शंभर विद्यार्थी दाखल झाले. तीस मधूनच गळाले. ते संस्थेनें हिशेबांतून काढले. उरलेल्या सत्तरांपैकीं दहा जणांनीं ‘सध्यां नोकरी नको’ असें लिहून दिलें, किंवा त्यांच्याकडून लिहून घेतलें, तेहि गेले. राहिलेल्या साठांपैकीं चौपन्न जणांना काम मिळालें. चौपन्न भागिले साठ, म्हणजे शेंकडा नव्वद. गणित बिनचूक; पण पहिल्या दिवशीं वर्गांत येऊन बसलेल्याच्या दृष्टीनें तो आंकडा चौपन्नच. शिवाय या चौपन्नांत संस्थेनें स्वतःच सहायक शिक्षक म्हणून तीन महिने ठेवून घेतलेले किती, उमेदवारी करणारे किती, आणि घरबसल्या एखादें फुटकळ काम मिळालेले किती, हा प्रश्न राहतोच.

ही माझ्या कल्पनेची भरारी नव्हे. न्यूयॉर्कच्या महान्यायवादीनें २०१७ मध्यें फ्लॅटआयर्न स्कूलवर कारवाई केली, ती अशाच कारणांनीं. शेंकडा ९८.५ जणांना रोजगार, अशी त्या शाळेची जाहिरात होती. त्या आंकड्यांत उमेदवार, कंत्राटी आणि स्वतंत्र काम करणारेहि धरले आहेत, हें वाचकाला स्पष्ट दिसत नव्हतें. पहिल्या पगाराची जी सरासरी छापली, ती केवळ पूर्णवेळ नोकरी मिळालेल्यांची; आणि वर्गांत बसून शिकलेल्यांत ते शेंकडा ५८ होते. शिवाय शाळा कांहीं काळ परवान्यावांचून चालली होती. तिनें ३,७५,००० डॉलर देऊन तें प्रकरण मिटविलें.

याहून बोधप्रद कथा ‘लॅम्डा स्कूल’ची. २०१७ मध्यें निघालेल्या या शाळेनें आरंभीं एक पैसाहि मागितला नाहीं. नोकरी लागून वर्षाला निदान ५०,००० डॉलर मिळूं लागले, तरच दोन वर्षें उत्पन्नाचे शेंकडा १७ द्यावे, आणि एकूण देणें ३०,००० डॉलरच्या वर जाऊं नये, असा करार. गुरूनें आधीं विद्या द्यावी आणि शिष्य मिळवता झाल्यावर दक्षिणा घ्यावी, असें हें रूप वरून दिसावयास मोठें सात्त्विक. हिशेब करून पाहा: ५०,००० मिळविणारा दोन वर्षांत १७,००० देतो, ८८,००० च्या वर मिळविणारा पूर्ण ३०,००० देतो. नोकरीच न लागली तर शाळेचें नुकसान. म्हणून शाळा जिवापाड शिकवील, अशी योजनेमागील कल्पना. पुढें उघडकीस आलें तें असें कीं, हे करार शाळा धनिकांस विकीत होती. म्हणजे शिष्याची दक्षिणा गुरूनें आधींच बाजारांत मोडून रोख करून घेतलेली! अमेरिकेच्या ग्राहक-अर्थसंरक्षण खात्यानें एप्रिल २०२४ मध्यें निर्णय दिला, तेव्हां शाळेचें नांव ‘ब्लूमटेक’ असें बदललेलें होतें. शेंकडा ७१ ते ८६ विद्यार्थ्यांस काम मिळतें असें शाळा सांगे. तिच्या स्वतःच्या नोंदींत हा आंकडा पन्नासाच्या आसपास, आणि कांहीं तुकड्यांच्या बाबतींत तिसापर्यंत खालीं होता. ‘हें कर्ज नव्हे’ असें सांगून दिलेलें तें वस्तुतः कर्जच होतें, असेंहि खात्यानें म्हटलें, आणि शाळेस ग्राहकांना कर्ज देण्याची कायमची मनाई केली.

हें सारें वाचून झाल्यावर मीं बंधूचें करारपत्र पुन्हां हातीं घेतलें, आणि एखादा अवघड श्लोक लावावा तसा त्याचा अन्वय लावला. जाहिरातींत ‘नोकरी लागल्यावर पैसे’ असें होतें. पत्रांत काय होतें तें ऐका. फी तीन लाख. तीवर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु-सेवा कर ५४,००० रुपये. ही सारी रक्कम एक वित्तकंपनी विद्यार्थिनीच्या नांवें कर्जाऊ देणार, आणि ती पहिल्याच आठवड्यांत संस्थेच्या खात्यांत जमा होणार. हप्ते सहाव्या महिन्यापासून चालू, नोकरी असो वा नसो. नसल्यास ‘संस्था सहानुभूतिपूर्वक विचार करील’. वर्ग सुटला दुसऱ्या आठवड्यानंतर, तरी फी पूर्ण देय. संस्थेनें आणलेल्या दोन जागा नाकारल्या, मग त्या कोणत्याहि शहरांत असोत, तर नोकरीविषयींची तिची जबाबदारी संपली. आणि सहा वर्षांचा मुलगा असलेल्या बाईनें हैदराबाद नाकारलें तर तें नाकारणेंच धरणार. तंटा झाल्यास लवाद दिल्लींत. हप्ता चुकला कीं वित्तकंपनीनें प्रथम सहकर्जदाराकडे यावें, असें एक कलम एकोणिसाव्या पृष्ठावर होतें. बंधूला तें दाखविलें तेव्हां त्यानें चष्मा पुसून दोनदां वाचलें, आणि कांहींच बोलला नाहीं.

आम्हीं संस्थेस तीन प्रश्न लेखी विचारले. मागील तुकडींत पहिल्या दिवशीं किती जण होते? त्यांपैकीं किती जण आज आज्ञावली-लेखनाच्या कामावर आहेत व कोणत्या पगारावर? ज्यांना काम मिळालें नाहीं अशा दोघांशीं आम्हांस बोलतां येईल का? लेखी उत्तर आलें नाहीं. फोन मात्र अकरा आले. प्रत्येक वेळीं एक गोड आवाजाचा तरुण, सवलत आज रात्रीं बारापर्यंतच आहे, असें सांगे. आणि दुसऱ्या दिवशीं तीच सवलत पुन्हां आज रात्रीं बारापर्यंत असे. सही झाली नाहीं. त्या रात्रीं पुतणी रडली. मला स्वतःचा विजय झाल्यासारखें मुळींच वाटलें नाहीं; कारण जूनमध्यें तिला त्याच शाळेंत, त्याच पगारावर पुन्हां उभें राहावें लागणार होतें.

मार्ग तिनेंच काढला. ‘फ्रीकोडकॅम्प’ नांवाची एक धर्मादाय संस्था इंटरनेटवर हेंच शिक्षण विनामूल्य देते. २०१४ सालीं ती काढणारे क्विन्सी लार्सन हे स्वतः पूर्वीं शाळा चालवीत. तिशी उलटल्यावर ते ही विद्या शिकले. (हें कळल्यावर माझा विरोध निम्मा ओसरला, हें कबूल करतों.) धडे तेथें सर्व आहेत, नाहीं ती वर्गाची शिस्त आणि सोबत. लोक फी भरतात ती पुष्कळदां विद्येची नसते. ठरल्या वेळीं ठरल्या जागीं बसविण्याची असते. तिनें आपल्यासारख्याच दोघी गांठल्या, एक बँकेंतली, एक औषधाच्या दुकानांत हिशेब लिहिणारी. आणि तिघी रोज पहांटे साडेचार ते साडेसहा लॅपटॉपवर एकमेकींसमोर बसूं लागल्या. परंतु या कथेंतील खरा खर्च तिच्या सासूबाईंनीं सोसला. सकाळचा स्वयंपाक, मुलाचा डबा, त्याला शाळेंत पोंचविणें, हें त्यांनीं दहा महिने आपल्याकडे घेतलें. “शिकूं दे. माझ्या वेळीं मला कोणी विचारलें नव्हतें,” एवढेंच त्या माझ्या वहिनीजवळ बोलल्या. ज्या घरांत असें कोणी नाहीं, त्या घरांतल्या स्त्रीनें काय करावें याचें उत्तर कोणत्याच बूटकॅम्पच्या जाहिरातींत मला आढळलें नाहीं.

एका नव्या अडचणीचा उल्लेख केल्यावांचून चित्र अपुरें राहील. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आलें, आणि तेव्हांपासून साध्या आज्ञावल्या यंत्रच लिहूं लागलें आहे. बूटकॅम्पमधून निघालेल्या नवशिक्याला पूर्वीं जें सोपें काम प्रथम देत, नेमकें तेंच. शिडीची पहिली पायरी अशी झिजत चालली. डेव्ह बूटकॅम्प तर २०१७ च्या अखेरीसच बंद पडलें होतें. पण डिसेंबर २०२४ मध्यें, अनेक अमेरिकन विद्यापीठांच्या नांवें असे वर्ग चालविणाऱ्या ‘टू-यू’ या मोठ्या कंपनीनेंहि ते आटोपते घेत असल्याचें जाहीर केलें. २०२५ मध्यें आपल्या टी. सी. एस्. नें सुमारें १२,००० माणसें कमी करण्याचें ठरविलें. चार महिन्यांत पालखींत बसवूं असें आजहि जो कोणी सांगतो, त्याच्यावर म्हणूनच मी पूर्वींपेक्षां अधिक संशय घेतों.

शिकणाऱ्याला या यंत्राचा आणखी एक धोका आहे. तो माझ्या विषयांतला असल्यामुळें मला चटकन् कळला. दुसऱ्या महिन्यांत पुतणी सर्व उदाहरणें भराभर सोडवूं लागली, आणि आम्हां सर्वांस कौतुक वाटलें. एके दिवशीं वीज गेली, इंटरनेट बंद. आणि कोऱ्या कागदावर तिला दहा ओळींचें आवर्तन लिहितां येईना. उत्तरें यंत्राचीं होतीं. तिनें तीं समजून घेतलीं असें तिला नुसतें वाटलें होतें. गाईड पाहून गृहपाठ करणारीं मुलें मीं चौतीस वर्षें पाहिलीं. वही स्वच्छ, उत्तर बरोबर, आणि परीक्षेच्या दिवशीं घाम. त्या दिवसापासून तिनें नियम केला: आधीं हातानें लिहावयाचें, मग यंत्राला दाखवून चूक विचारावयाची. गति निम्म्यावर आली; पण पुढें मुलाखतींत फळ्यावर लिहावयाची वेळ आली तेव्हां हात थरथरला नाहीं, असें ती सांगते.

दहा महिन्यांनंतर तिनें अर्ज पाठविण्यास आरंभ केला. एकशें चाळीस पाठविले. उत्तरें अकरांचीं आलीं. मुलाखती चार झाल्या. पहिल्या तिघांनीं वय आणि पदवी पाहून सभ्यपणें निरोप दिला. चौथी पुण्यांतलीच एक लहानशी कंपनी. शाळांच्या कारभाराची आज्ञावली तयार करणारी. तिच्या मालकानें आपलें काम उघडून दाखविलें आणि ‘यांत काय चुकलें आहे?’ असें विचारलें. पुतणीनें अर्ध्या तासांत सात चुका काढल्या. जनरल रजिस्टरांतील क्रमांक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील क्रमांक जुळत नव्हता; अर्धवर्षांत बदली होऊन आलेल्या मुलाची हजेरी जूनपासून मोजली जात होती; आणि हजेरीपटांत नांवें मराठी वर्णक्रमानें लागत नव्हतीं. यंत्र अक्षरांना स्वतःच्या अंतर्गत क्रमांकांनीं ओळखतें; त्या हिशेबानें ‘ळ’ ‘ह’च्या पुढें न जातां ‘ल’च्या पाठीशीं बसतो, आणि क्षीरसागर शेवटीं न येतां ‘क’मध्यें जाऊन बसतात. हें तेथील तीन इंजिनिअरांच्या ध्यानांत दोन वर्षें आलें नव्हतें.

जागा मिळाली ती आज्ञावली लिहिण्याची नव्हे, तपासण्याची. दरमहा बावीस हजार, पहिले सहा महिने उमेदवारीचे. बारा महिने पगार. लिहिण्याचें काम थोडें थोडें देऊं, असें मालकानें सांगितलें आहे, आणि वर्णक्रमाची दुरुस्ती तिच्याकडूनच करवून घेतली. तिच्या दोन सोबतिणींपैकीं बँकेंतलीनें मध्येंच सोडलें. दुसरीचे अर्ज अद्याप चालू आहेत, सत्तरांवर गेले. शाळेंत पुतणीच्या जागीं दुसरी संस्कृतशिक्षिका मिळाली नाहीं. ते तास सध्यां चित्रकलेचे शिक्षक घेतात, असें तिच्याकडूनच कळलें.

बंधूची शिल्लक पोस्टांत सुरक्षित आहे. तें एकवीस पृष्ठांचें करारपत्र मजकडे राहिलें. संस्थेचें नांव खोडून, महत्त्वाच्या कलमांखालीं रेघा ओढून आणि समासांत मराठी अर्थ लिहून तें मीं ठेविलें आहे. आतांपर्यंत ओळखीच्या चार घरीं जाऊन तें परत आलें. सध्यां तें शेजारच्या जोशीबुवांच्या जांवयाकडे आहे, त्याची सही शनिवारीं व्हावयाची आहे.